मुंबईच्या घरात बुकशेल्फ स्पीकर आणि सबवूफर : खोलीच्या मापाने निवड कशी करावी

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्पीकर घ्यायला गेलेला नवखा ग्राहक पहिला प्रश्न वॉटचा विचारतो आणि दुसरा किमतीचा. आपली खोली किती लांब-रुंद आहे, सोफा कोणत्या भिंतीला टेकलेला आहे आणि आपण स्पीकरपासून किती अंतरावर बसणार आहोत, हे तो सांगत नाही आणि बहुतेक विक्रेतेही विचारत नाहीत. वास्तविक निवडीचा मोठा भाग याच माहितीवर ठरतो, कारण सुमारे २०० हर्ट्झच्या (सेकंदाला २०० कंपनांच्या) खालचा आवाज कानापर्यंत येतो तेव्हा त्यावर स्पीकरइतकाच, किंबहुना अधिक, खोलीचा ठसा असतो. मोठ्या दिवाणखान्यात खर्ज, म्हणजे खालचे जाड स्वर किंवा बास, अपुरा पडतो, म्हणून तेथे मोठा वूफर (खर्ज वाजवणारा स्पीकरचा भाग) लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत खर्ज सहसा अपुरा पडत नाही. तो एखाद्या स्वरावर गोळा होतो आणि शेजारच्या स्वरावर नाहीसा होतो. त्यामुळे छोट्या खोलीत खर्ज वाढवण्यापेक्षा तो सारखा करणे हे खरे काम असते, आणि पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

आधी टेप, मग दुकान

घराच्या माहितीपत्रकातील चौरस फूट येथे उपयोगाचे नाहीत. ज्या खोलीत स्पीकर लावायचे तिची आतील लांबी, रुंदी आणि फरशीपासून छतापर्यंतची उंची टेपने मोजून कागदावर लिहावी. १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच खोलीचे घनफळ १,१४० घनफूट भरते. १० बाय १५ च्या हॉलचे १,४२५. हॉल दाराविना थेट स्वयंपाकघरात किंवा पॅसेजमध्ये उघडत असेल, तर तो भागही हिशेबात धरावा लागतो. ८० हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे १४ फूट लांबीची असते, आणि अशा लहरीला तीन फुटांचा उघडा दरवाजा म्हणजे खोलीची हद्द वाटत नाही. दार बंद करून ऐकण्याची सवय असेल तर मात्र तेवढी खोलीच धरावी.

दुसरा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी लहर नेमकी मावते, तो ध्वनी त्या खोलीत फुगतो. मुंबईच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,१४० फूट धरला, तर ५७० या संख्येला भिंतींमधील फुटांच्या अंतराने भागले की ती कंपनसंख्या मिळते. १० फुटांसाठी ती ५७ हर्ट्झ, १२ फुटांसाठी साधारण ४७, १५ फुटांसाठी ३८ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी ६०. तिच्या दुप्पट आणि तिप्पट संख्यांवरही असाच फुगवटा येतो, पण त्रास बहुधा पहिलीच देते. आता १० फूट रुंदी आणि साडेनऊ फूट उंची ही मुंबईच्या हॉलमध्ये सर्रास आढळणारी जोडी पाहा : ५७ आणि ६० हे दोन्ही फुगवटे जवळजवळ एकमेकांवर बसतात. अशा खोलीत कोणताही स्पीकर लावला तरी त्या ठिकाणी ‘घुमणारा’ बास ऐकू येतो आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला दिला जातो. दहा बाय दहाची बेडरूम याहून कठीण, कारण तेथे तिन्ही मापे एकत्र येतात. आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती खर्ज जवळजवळ पूर्ण परत फेकतात, तर लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकून उभारलेल्या अमेरिकी घरांतील भिंतींमधून त्याचा काही भाग निसटतो. तिकडचे सल्ले वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

बसण्याचे अंतर आणि वूफरचा आकार

खोलीपेक्षाही बसण्याचे अंतर बुकशेल्फ स्पीकरचा (टेबलावर किंवा टीव्ही युनिटवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरचा) आकार ठरवते. टेबलावर संगणकाशेजारी, तीन-चार फुटांवर ऐकायचे असेल तर ४ इंची वूफरचे, आत अँप्लिफायर असलेले स्पीकर पुरेसे होतात. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत किंवा वन रूम किचनमध्ये, जेथे झोपणे, जेवणे आणि अभ्यास एकाच जागी चालतो, तेथे हीच रचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते : ऐकणारा जवळ असल्यामुळे आवाज लहान ठेवता येतो आणि भिंतींचा हस्तक्षेपही कमी होतो. सहा ते आठ फुटांसाठी पाच ते सव्वापाच इंची वूफर आणि नऊ ते अकरा फुटांसाठी साडेसहा इंची वूफर, असा ढोबळ हिशेब ठेवावा. त्यापुढे, हॉल आणि जेवणाची जागा एकत्र असलेल्या घरात, साडेसहा इंची स्पीकरलाही सबवूफरची, म्हणजे केवळ खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या पेटीची, मदत लागते.

लहान स्पीकर म्हणजे तडजोड, हा समज सोडून द्यावा. ब्रिटनच्या बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा स्पीकर घडवला तो बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीत, म्हणजे आपल्या न्हाणीघराएवढ्या जागेत, निवेदकाचा आवाज अचूक ऐकता यावा म्हणून. त्यात पाच इंचांच्या आसपासचा एकच वूफर होता, पेटी पूर्ण बंद होती आणि खोल खर्ज त्यातून येतच नसे. तरीही मानवी आवाजाच्या खरेपणासाठी तो आजही दाखल्यादाखल सांगितला जातो.

आपण काय ऐकतो, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यावरील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्यावर तीच तार १०४ हर्ट्झच्या आसपास असते. याचा अर्थ असा की ज्यांचे ऐकणे मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, भावगीते आणि अभंग यांचे आहे, त्यांना ५५ हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारी साडेसहा इंची जोडी पुरते आणि सबवूफरचे पैसे वाचतात. बास गिटारची सर्वांत खालची तार मात्र ४१ हर्ट्झला आहे, आणि आजच्या चित्रपटसंगीतातील इलेक्ट्रॉनिक ठोके व चित्रपटांतील स्फोट त्याच्याही खाली जातात. ती आवड असेल तर सबवूफरचा विचार करणे योग्य.

माहितीपत्रकात खालची मर्यादा ‘४५ हर्ट्झ’ अशी छापलेली असते. पुढे ‘उणे ३ डेसिबल’ लिहिले आहे की ‘उणे १० डेसिबल’ (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप), हे अवश्य पाहावे. उणे १० वाला आकडा दिसायला आकर्षक असतो, पण तेथे आवाज जवळजवळ निम्मा भासतो. पेटीच्या मागच्या बाजूस हवेचे भोक असलेला स्पीकर भिंतीपासून निदान सहा-आठ इंच पुढे ठेवावा लागतो. आपल्या घरात स्पीकर टीव्ही युनिटवरच बसणार असतील, तर पुढच्या बाजूस भोक असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा स्पीकर घेणे सोयीचे. फडताळाच्या बंद खणात मात्र कोणताही स्पीकर कोंबू नये.

वॉटची भीती येथेच दूर करू. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज देतो. आठ फुटांवर, साध्या खोलीत, अशी जोडी एकेका वॉटवर साधारण ८४ डेसिबल देते. घरात निवांत ऐकण्याची सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या आत असते, म्हणजे त्यासाठी वॉटचा आठवा भागही पुरतो. तबल्याच्या किंवा ढोलकीच्या जोरकस थापेसाठी २० डेसिबलची जागा राखून ठेवली तरी बारा-तेरा वॉटच लागतात. तेव्हा ४० ते ५० वॉट आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या शक्तीचा) नीट बांधलेला अँप्लिफायर मुंबईच्या हॉलला भरपूर झाला. पीएमपीओ (क्षणभराची कमाल शक्ती) या नावाने छापलेले हजारोंचे आकडे वाचूच नयेत. ४ ओहमचा (कमी विद्युत रोधाचा) स्पीकर घेत असाल तर आपला अँप्लिफायर ४ ओहमला चालतो, याची लेखी खात्री करावी.

सबवूफर हवा का, आणि केवढा

छोट्या खोलीत सबवूफर घेण्याचे सर्वांत चांगले कारण मोठा आवाज हे नसून लहान आवाज हे आहे, आणि ते दुकानात कोणी सांगत नाही. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज जसजसा लहान होतो तसतसा माणसाचा कान खर्जाला अधिक बहिरा होतो. रात्री नऊनंतर आवाज कमी करून ऐकणाऱ्या माणसाला संगीत पातळ, किरकिरे वाटते ते यामुळे. हलक्या हाताने जुळवलेला छोटा सबवूफर ही उणीव भरून काढतो, शिवाय खर्जाचे ओझे बुकशेल्फ स्पीकरवरून उतरल्यामुळे त्याचा मधला स्वर मोकळा होतो.

आकाराविषयी माझे मत असे : १,२०० घनफुटांपर्यंतच्या बंद खोलीला ८ इंची, त्यापुढे २,००० घनफुटांपर्यंत १० इंची, आणि स्वयंपाकघराला जोडलेल्या मोठ्या हॉललाच १२ इंची. छोट्या खोलीत पूर्ण बंद पेटीचा सबवूफर निवडावा. त्याचा आवाज खाली हळूहळू उतरत जातो, आणि दारे-खिडक्या बंद असलेली छोटी खोली नेमका तोच खालचा भाग स्वतःच्या बंदिस्तपणामुळे उचलून धरते. भोक असलेली पेटी आपल्या मर्यादेपर्यंत जास्त जोर देते, पण खोलीचा फुगवटा त्यात मिसळला की ५० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात सारा गोंधळ माजतो. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या टाकून ऐकणाऱ्यांना मात्र खोलीकडून ही मदत फारशी मिळत नाही.

पैसे थोडे जास्त असतील तर एका १२ इंचीऐवजी दोन ८ इंची सबवूफर घ्यावेत. हर्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर निरनिराळ्या आसनांवरील खर्ज बराच सारखा करतात. दोन पेट्यांना जागा कुठून आणायची, हा मुंबईकराचा प्रश्न रास्त आहे. पण ८ इंची पेटी सोफ्याशेजारच्या तिपाईएवढीच असते आणि तिपाईचे काम करूही शकते, फक्त तिच्यावर चहाचा कप ठेवू नये.

जागा शोधणे

यावर जितका वेळ द्याल तितका कमी. आधी स्पीकर लावावेत. दोन स्पीकरमधील अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून आपल्या डोक्यापर्यंतचे अंतर साधारण सारखे असावे. ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा स्पीकरचा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे फरशीपासून तीन ते साडेतीन फुटांवर यावा. टीव्ही युनिट बुटके असेल तर स्पीकरचा पुढचा भाग किंचित वर उचलून तोंड कानाकडे करावे. दोन्ही बाजूंच्या भिंतींपासूनचे अंतर शक्य तितके सारखे ठेवावे. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा दाराच्या मोकळ्या बाजूस असला, तर कोपऱ्यातला जाड आणि दुसरा पातळ वाजतो.

आता १० बाय १५ च्या हॉलचे उदाहरण घेऊ. टीव्ही एका लांब भिंतीवर, सोफा समोरच्या लांब भिंतीला टेकलेला आणि आपण १५ फुटांच्या बरोबर मध्यावर बसलेले, ही रचना निम्म्या मुंबईत सापडेल. डोके भिंतीशी असल्यामुळे रुंदीचा ५७ हर्ट्झचा फुगवटा येथे सर्वाधिक ऐकू येतो. आणि लांबीच्या मध्यावर असल्यामुळे ३८ हर्ट्झ जवळजवळ शून्य होतो. सबवूफर कितीही मोठा आणला तरी हा खड्डा भरत नाही, कारण तो जागेचा गुण आहे. उपाय फुकटचे आहेत. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढावा, ऐकण्याची जागा मध्यापासून दीड-दोन फूट बाजूला घ्यावी आणि त्याच मापाने स्पीकरही सरकवावेत. सबवूफर आखूड भिंतीच्या मध्यावर ठेवून पाहावा : तेथून १० फुटांचा ५७ हर्ट्झचा फुगवटा सर्वांत कमी चेतवला जातो. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर सर्वांत मोठा वाजतो हे खरे, पण तो खोलीतील सारेच फुगवटे एकदम जागे करतो.

सबवूफर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणू नये. मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज मूळ आवाजाला कापतो, आणि तीन फुटांवर हा काट सुमारे ९५ हर्ट्झला पडतो. भिंतीलगत ठेवल्यास तो सबवूफरच्या कक्षेबाहेर, २८५ हर्ट्झच्या वर जातो.

हिशेब नको असेल तर जुनी युक्ती आहे. सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या जागी, सोफ्यावरच ठेवावा, ज्यात बास गिटार एकेक स्वर चढत-उतरत जाते असे काही वाजवावे आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत जावे. ज्या ठिकाणी सारे स्वर सारख्या जोराचे ऐकू येतील, एकही फुगणार नाही आणि एकही गळणार नाही, तेथे सबवूफर ठेवावा. घरातील मंडळी हसतील, हसू द्यावे.

पडदे, सतरंजी आणि गाद्या यांचा उपयोग वरच्या स्वरांपुरताच असतो. गुळगुळीत टाइल्सवरून उठणारा चरचरीतपणा सोफ्यापुढच्या जाड सतरंजीने लक्षणीय कमी होतो, पण ५७ हर्ट्झवर पडद्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

जुळवणी

एव्ही रिसीव्हर (टीव्ही-चित्रपटांसाठीचा अनेक जोडण्यांचा अँप्लिफायर) असेल तर मेन्यूमध्ये बुकशेल्फ स्पीकर ‘स्मॉल’ म्हणून नोंदवावेत, म्हणजे खर्ज सबवूफरकडे वळतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या कंपनसंख्येखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती, ४ इंची वूफरसाठी १०० ते १२० हर्ट्झ, सव्वापाच इंचीसाठी ८० ते ९० आणि साडेसहा इंचीसाठी ६० ते ८० ठेवावा. ८० च्या खाली आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा कळत नाही; १०० च्या वर गेल्यास कळू लागते, म्हणून ४ इंची स्पीकर असताना सबवूफर त्यांच्याजवळच ठेवावा. साधा स्टिरिओ अँप्लिफायर असेल आणि सबवूफर त्याच्या स्पीकरच्या जोडण्यांवरून जोडला असेल, तर स्पीकर पूर्ण पट्ट्यात वाजतात. तेव्हा सबवूफरवरील क्रॉसओव्हरची फिरकी (नॉब) ५० ते ६० हर्ट्झवर ठेवून फक्त खालची उणीव भरावी.

त्यानंतर फेज, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांच्या लहरींचा ताळमेळ. ८० हर्ट्झचा स्थिर ध्वनी वाजवून शून्य आणि १८० या दोन्ही स्थितींत ऐकावे आणि ज्यात बसण्याच्या जागी आवाज मोठा येतो ती ठेवावी. शेवटी आवाजाची फिरकी शून्यापासून हळूहळू वाढवत न्यावी. सबवूफर चालू आहे हे जाणवले की तो जास्त झाला. बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटले की तो बरोबर जुळला. डग्ग्याचा घुमारा चांगली परीक्षा घेतो : मिंडीत स्वर सरकताना एका ठिकाणी अचानक फुगत असेल, तर जागा किंवा पातळी अजून चुकते आहे. ज्यांना आकडे पाहायचे आहेत त्यांनी मोजणीचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावे. इक्वलायझरने (निवडक कंपनसंख्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) फुगवटे खाली आणावेत, खड्डे भरायला जाऊ नये. त्यात अँप्लिफायरचा आणि वूफरचा दम निघतो आणि हाती काही लागत नाही.

शेजार आणि स्लॅब

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. परंतु ही मोजणी ज्या ए-भारित मापाने होते ते ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरते. म्हणजे मीटर शांत दिसत असताना खालच्या मजल्यावरील काकांच्या पलंगाला ठोके बसत असू शकतात, आणि सोसायटीच्या सभेत मीटरचा कागद कामास येत नाही. पेटीखाली जाड रबराचे किंवा फोमचे पॅड ठेवल्यास पेटीचा कंप स्लॅबमध्ये कमी उतरतो, टाइल्स आणि शोकेसच्या काचा खडखडत नाहीत. मात्र हवेतून जाणारा खर्ज पॅडने अडत नाही. म्हणून रात्रीसाठी सबवूफरची कमी पातळी वेगळी ठरवून फिरकीवर खूण करून ठेवावी, आणि एकदा खालच्या घरी जाऊन स्वतः ऐकून यावे.

खरेदी करताना

दुकानातील ऐकण्याच्या खोलीत जे भावले ते घरी तसेच वाजेल, असे धरून चालू नये. आपल्या मापांचा कागद सोबत न्यावा, आपल्या ओळखीची गाणी घरी ऐकतो तेवढ्याच आवाजात ऐकावीत, आणि पसंत न पडल्यास बदलून मिळेल काय हे बिल करण्यापूर्वी विचारावे. एकदम संपूर्ण संच घेण्याऐवजी आधी बुकशेल्फ जोडी आणि अँप्लिफायर घ्यावा, महिना-दोन महिने ऐकावे आणि मगच सबवूफरचे ठरवावे. अँप्लिफायरला सबवूफरसाठी जोडणी आहे, एवढे मात्र पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

वूफरच्या कडेचे कडे रबराचे असलेले बरे, कारण फोमचे कडे आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते; जुना स्पीकर विकत घेताना जाळी काढून तेथे बोट लावून पाहावे. जुन्या इमारतीत सबवूफर जोडताच संथ गुणगुण सुरू झाली, तर सबवूफर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डवरून जोडून पाहावे, आणि तरीही ती राहिल्यास अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून गुणगुण थांबवण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो ऐकू नये.